मसाज संपल्यावरची पाच मिनिटं

"मॅडम, पंधरा दिवसांतून एकदा मसाज घेते. दोन दिवस अंग हलकं, तिसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या. म्हणजे पैसे पाण्यातच ना?"

गोव्यात फोंड्याला माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न या ना त्या रूपात नेहमी येतो. तो विचारणाऱ्या एका बाईंची गोष्ट, त्यांची परवानगी घेऊन आणि ओळखीच्या खुणा बदलून सांगते. वाड्यावर सगळे त्यांना वहिनी म्हणतात, आपणही तेच म्हणू.

वहिनी ४४ वर्षांच्या. पणजीत हिशेबाच्या कामावर. नवरा बोटीवर, वर्षातले आठ-नऊ महिने दर्यावरच. घरी सासूबाई आणि दहावीतला मुलगा. पहाटे पाववाल्या पदेराचा पोंपों वाजायच्या आत डबे तयार, मग पणजीची बस. मान आखडलेली, उठल्या उठल्या जबडा दुखतो, रात्री तीनला टक्क जाग. डॉक्टरांनी रक्तदाब, थायरॉईड, हिमोग्लोबिन बघून झालं होतं, सगळं ठीक होतं. हे मी आधीच विचारते, कारण थायरॉईडचा थकवा आणि ताणाचा थकवा वरवर सारखाच दिसतो.

मसाजने ताण कमी होतो का? होतो. सावकाश, एकसारख्या दाबाने नाडी मंदावते, श्वास खोल जातो, धडपडीच्या वेळी जागं असलेलं शरीर विसाव्याच्या बाजूला झुकतं. मसाजनंतर काही काळ चिंता कमी होते असं अभ्यासांतही दिसलं आहे. 'मसाजने कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) धाडकन उतरतं' असं जे जाहिरातीत छापतात, ते मात्र फुगवलेलं आहे. आधीचे अभ्यास पुन्हा एकत्र तपासले तेव्हा हा परिणाम अगदी थोडा निघाला. म्हणजे वहिनींचं दोन दिवस बरं वाटणं खरं, आणि तिसऱ्या दिवशी परत आखडणंही खरं. त्यांच्यात काही खोट नव्हती.

तरी काहीतरी अडत होतं. मी विचारलं, "मसाज संपल्यावर पहिली पाच मिनिटं काय करता?"

"फोन चालू करते. मग केसांना तेलाचा वास येतोय का बघते. पर्समध्ये अत्तर ठेवलंय."

अत्तर कशाला? तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. घरी कुणाला पत्ता नव्हता. 'ऑफिसात जास्तीचं काम आहे' असं सांगून त्या जात. आपल्याकडे किनाऱ्याच्या रस्त्यांवरचे फलक पाहून पाहून 'मसाज' या शब्दाला जो वास चिकटलाय, त्याची त्यांना लाज वाटे. टेबलावर पालथं पडल्यावरही नजर घड्याळावर. तासभर खांदे सैल करायचे आणि त्याच तासात खोटं सांभाळायचं, असं चाललं होतं. शिवाय 'नवरा तिकडे राबतोय आणि मी इथे तेल लावून घेतेय' हा सल होताच.

मी लगेच 'घरी सांगा' म्हटलं नाही. असले सल्ले ऐकायला सोपे असतात. एवढंच म्हटलं, "मसाजनंतर खांदे कसे वाटतात ते लक्षात ठेवा. आठवडाभर बघा, ते पुन्हा कानाकडे कधी सरकतात."

माझी अटकळ होती ऑफिस. पुढच्या खेपेला वहिनी म्हणाल्या, "ऑफिसात नाही हो. परतताना बाणस्तारीचा पूल आला की." पुलानंतर घर मनात सुरू व्हायचं: सासूबाईंच्या गोळ्या, मुलाची शिकवणी, आणि रात्री साडेअकराला येणारा नवऱ्याचा व्हिडिओ कॉल. तिकडच्या वेळेमुळे तो उशिराच यायचा. त्यासाठी त्या डोळ्यांत तेल घालून जागायच्या आणि मग झोप उडायची ती उडायचीच.

कॉल कमी करायचा हे त्यांनीच ठरवलं. रविवारी दुपारी निवांत बोलायचं, इतर दिवशी आवाजी निरोप टाकायचे. नवरा दोन दिवस घुम्यासारखा होता. मग त्याचाच निरोप आला, त्यालाही कामाच्या पाळीआधी झोप मिळत नव्हती. मुलाने आजीच्या गोळ्यांचा डबा भरायचं काम घेतलं. तो दोनदा विसरला, सासूबाईंनी दोनदा ओरडून घर डोक्यावर घेतलं.

आणि एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता वहिनींनी मसाजचं सांगून टाकलं.

सासूबाई म्हणाल्या, "अगो, मला सांगायला काय झालं होतं? काशाची वाटी माळ्यावर धूळ खातेय."

त्या रात्रीपासून आठवड्यातून दोनदा खोबरेल लावून तळपायाला वाटी. वाटीखाली काळं येतं, ती अंगातली उष्णता, असं सासूबाई सांगतात. मला ती धातू आणि तेलाची करामत वाटते, पण मी वाद घालत नाही, झोप लागतेय ना. एकदाच मध्ये पडले. वहिनींची एकच पोटरी सुजून दुखत होती आणि सासूबाई ती चोळायला निघाल्या होत्या. अशी सूज आधी डॉक्टरांना दाखवायची, आत रक्ताची गाठ असली तर चोळणं जिवावर बेततं. सुदैवाने तसं काही निघालं नाही.

दोन आठवड्यांहून जास्त मन कशातच लागत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र तेल-वाटीवर थांबू नका. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर बोला, तो दिवसरात्र चालू असतो.

वहिनी अजूनही पणजीला मसाज घेतात, आता महिन्यातून एकदा. नंतर फोन पर्समध्येच ठेवून मांडवीच्या कडेने अर्धा तास चालतात आणि पुढची बस पकडतात. गणपतीत, चवथीच्या आठवड्यात, खांदे पुन्हा कानाला भिडले होते, ते त्यांनीच हसत सांगितलं. अत्तराची बाटली घरी राहते. दारात पाऊल टाकलं की सासूबाई वास घेऊन विचारतात, "आज तिळाचं होतं की काय?"