फोटोतला माणूस खोडतात, पुसतात की गाळतात?

प्रश्न थोडक्यात असा: सोव्हिएत अंतराळ कार्यक्रमावरच्या एका लेखाचं भाषांतर चालू आहे. ग्रिगोरी नेल्युबोव्ह या अंतराळवीराला सोचीच्या ग्रुप फोटोतून मागाहून नाहीसं केलं, असा त्यात उल्लेख आहे. भाषांतरकाराने लिहिलं ‘छायाचित्रात खाडाखोड केली’. संपादकाने ते बदलून ‘पुनर्स्पर्श केला’ असं केलं. बरोबर कोण?

दोघंही नाहीत, पण संपादक जास्त चुकले. ‘पुनर्स्पर्श’ हा शब्द कुणाच्या तोंडी नाही, आणि वाचकाला त्यातून कामाचा काही बोधही होत नाही. फोटो स्टुडिओत ‘टचिंग’ म्हणत, छापखान्यात ‘रिटचिंग’. कामाचं नाव म्हणून ‘रिटचिंग’ ठेवायला काहीच हरकत नाही. ‘खाडाखोड’ हा निदान जिवंत शब्द आहे, पण तो इथे उलटा पडतो. खाडाखोड डोळ्यांना दिसते, म्हणून तर आपण तिला खाडाखोड म्हणतो. रिटचिंगचं सगळं कसब खूण मागे न ठेवण्यात असतं.

क्रियापद निवडायचं तर आधी त्या काळी हे काम कसं होई ते पाहावं लागतं. माणूस काढायचा असेल तर सहसा मूळ निगेटिव्हला हात लावत नसत. छापायच्या आकारापेक्षा मोठी प्रिंट काढायची, ती जाड पुठ्ठ्यावर सपाट चिकटवायची. आजूबाजूची माणसं पारदर्शक मास्क कापून झाकायची. पांढऱ्या-काळ्या गुआश रंगातून (पाण्यात कालवायचा अपारदर्शक रंग) पार्श्वभूमीला जुळणाऱ्या राखाडी छटा आधीच मिसळून ठेवायच्या आणि नको असलेल्या आकृतीवर एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या हत्याराने, पातळ थर चढवत जायचं. मग पानं, भिंतीच्या कडा, कपड्यांच्या चुण्या बारीक ब्रशने काढायच्या आणि लखलखीत जागा धारदार पात्याने हलकेच खरवडून आणायच्या. शेवटी या रंगवलेल्या प्रिंटचाच फोटो घ्यायचा. त्या नव्या निगेटिव्हवरून निघालेल्या प्रिंटवर रंगाचा थर हाताला लागत नाही. वर्तमानपत्रात फोटो ठिपक्यांत फोडणाऱ्या, इंचाला ६५ ओळींच्या जाळीतून तो छापला की उरलेसुरले दोषही ठिपक्यांत बुडून जातात.

चुका ठरावीक जागी होतात. माणूस जातो, पण जमिनीवरची त्याची सावली राहते. शेजाऱ्याच्या खांद्यावरची बोटं राहून जातात. मास्कच्या कडेने फिकट रेघ उमटते. रंगवलेला भाग फार गुळगुळीत दिसतो, कारण फिल्मचे कण तिथे नसतात. आणि निळसर राखाडी व तपकिरी राखाडी डोळ्याला सारखे वाटले तरी फिल्म त्यांना सारखं पकडत नाही, म्हणून नव्या निगेटिव्हमध्ये ठिगळ अचानक उठून दिसतं.

या कामात पुसणं कुठेच नाही. ‘एअरब्रशने पुसला’ असं मराठीत सर्रास वाचायला मिळतं, ते तर सरळ चूक आहे. एअरब्रश रंग फवारतो, पुसत नाही. शिवाय एखाद्या विशिष्ट फोटोत एअरब्रश वापरला, साधा ब्रश की कात्री, हे ठाऊक नसताना हत्याराचं नाव घेऊच नये. ‘खरवडणे’ही जपून वापरा. प्रिंटवर खरवडलं तर खालचा पांढरा कागद दिसतो, निगेटिव्हवर खरवडलं तर प्रिंटमध्ये ती जागा काळी येते. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की छापात तो भाग उजळतो. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या स्टुडिओत याच युक्तीने जात.

आता नेल्युबोव्ह. १९६० साली निवडलेल्या पहिल्या वीस सोव्हिएत अंतराळवीरांपैकी तो एक. गागारिनच्या १२ एप्रिल १९६१ च्या उड्डाणासाठी गेर्मान तितोव्ह पहिला राखीव होता, नेल्युबोव्ह दुसरा. त्याच वर्षी मे महिन्यात सोचीला काढलेल्या फोटोत सोव्हिएत रॉकेटांचे मुख्य रचनाकार कोरोल्योव्ह आणि गागारिन पुढे बसले आहेत आणि नेल्युबोव्ह मागच्या रांगेत उभा आहे. १९६३ साली लष्करी गस्तीशी झालेल्या भांडणावरून त्याला, आनिकेयेव्हला आणि फिलात्येव्हला पथकातून काढलं. पुढे प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्यांत तो नाही, नुसती पार्श्वभूमी आहे. जेम्स ओबर्ग या अमेरिकन अभ्यासकाने दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून हे दाखवलं. पाश्चात्त्य देशांत अंतराळात मेलेल्या अज्ञात वीरांच्या वावड्या आधीपासून होत्याच. लपवालपवीने त्यांना खतपाणी मिळालं. प्रत्यक्षात नेल्युबोव्ह १९६६ मध्ये रेल्वेखाली गेला.

इथे माझी पसंती ‘गाळणे’ला. यादीतून नाव गाळतात, पोथीतून ओवी गाळतात. वगळण्यामागे कुणाचा तरी निर्णय आहे हे या क्रियापदात आपसूक येतं. बोलीत ‘फोटोतून उडवला’ जास्त खणखणीत लागतं, पण अंतराळवीराबद्दल ‘उडवला’ लिहाल तर अर्धे वाचक रॉकेट शोधतील! कृतीचं नाम हवं असेल तर ‘फेरफार’ घ्या. त्यातला संशयाचा वास इथे योग्यच आहे.

मात्र तोच ‘फेरफार’ सगळीकडे फासू नका. अपोलो ११ मोहिमेतला चंद्रावरच्या आल्ड्रिनचा सुप्रसिद्ध फोटो (नासाचा क्रमांक एएस११-४०-५९०३) घ्या. आर्मस्ट्राँगने तो टिपला तेव्हा चौकट तिरकी झाली आणि वरची कड आल्ड्रिनच्या डोक्याच्या इतकी जवळ आली की पाठीवरच्या संचाची अँटेना कापली गेली. प्रसिद्धीसाठी देताना फोटो सरळ केला आणि वर काळं आकाश वाढवलं, म्हणजे डोक्यावर जागा मिळाली. इथे काही गाळलेलं नाही, भर घातली आहे. ‘वर काळी पट्टी जोडली’ एवढंच लिहा. मूळ फ्रेम ओळखायची असेल तर फुल्या मोजा. हासेलब्लाड कॅमेऱ्यातल्या, खुणा कोरलेल्या काचपट्टीमुळे फिल्मवर १० मिलिमीटर अंतराने पाच गुणिले पाच, म्हणजे २५ फुल्या उमटत, आणि मधली मोठी फुली फ्रेमच्या बरोबर मध्यावर असे. या फोटोत ती आल्ड्रिनच्या कमरेच्याही खाली येते, त्यावरून वरची जागा मागाहून आली हे कळतं. पांढऱ्याशुभ्र भागावर एखादी फुली दिसत नाही, ते मात्र रिटचिंग नव्हे. जास्त प्रकाश पडलेल्या जागी उजेड पसरून बारीक रेघ गिळली जाते.

तुमच्या लेखातलं वाक्य मी असं करीन: ‘पुढे छापलेल्या आवृत्त्यांत रिटचिंग करून नेल्युबोव्हला गाळलं.’ फोटोखालच्या ओळीत तारखा दोन द्या. पहिल्यासाठी ‘सोची, मे १९६१’. दुसऱ्यासाठी तो ज्या प्रकाशनातून घेतला त्याचं वर्ष, आणि सोबत ‘नेल्युबोव्हला गाळलेली आवृत्ती’. दोन्हींखाली १९६१ छापलंत, तर १९६१ मध्येच त्याला गाळलं असा वाचकाचा समज होईल.