पहिला अंधारा हिवाळा काढताना

उत्तरेकडच्या देशांतला हा तुमचा पहिलाच हिवाळा असेल, तर आधी उठायची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही तीच. उशिरा उठलं की सकाळचा उजेड हुकतो, शरीराचं घड्याळ मागे पडतं आणि रात्री झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

घरातले दिवे कितीही लख्ख वाटले तरी साधारण १०० ते ५०० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) देतात. बाहेर ढगाळ दुपारीसुद्धा हजाराच्या वर मिळतात. म्हणून उजेड असेतो अर्धा तास तरी चाला.

हिवाळ्यातल्या उदासीवर प्रकाशोपचाराचा, म्हणजे समोर बसून प्रखर उजेड घ्यायचा दिवा मिळतो; तो १०,००० लक्सचा आणि अतिनील किरण गाळणारा घ्या. हा आकडा किती अंतरावरचा आहे, हे खोक्यावर नक्की वाचा. खरी फसगत इथेच होते. छोटे दिवे अगदी तोंडाजवळ धरले तरच तेवढा उजेड देतात, थोडं मागे सरकलात की तो झपाट्याने घटतो. उठल्यावर तासाभरात २० ते ३० मिनिटं बसा. दिवा किंचित बाजूला ठेवा. डोळे उघडे असावेत, पण त्याकडे टक लावू नका. संध्याकाळी लावलात तर झोप उडेल. गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, लोक चौथ्या दिवशीच कंटाळतात.

दृष्टिपटलाचा आजार किंवा बायपोलरचा (अतिउत्साह आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा मानसिक आजार) त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. ड जीवनसत्त्वाची गोळी जरूर घ्या, पण ती उजेडाची जागा घेत नाही. आणि उदासी दोन आठवड्यांवर टिकली, तर दिव्याच्या भरवशावर न राहता डॉक्टरांकडे जा.