इंग्लिश फुटबॉलच्या १९६१-६२ च्या चौथ्या डिव्हिजनच्या गुणतक्त्यात अॅक्रिंग्टन स्टॅनली का दिसत नाही?

कारण कर्जात बुडालेल्या या क्लबने मार्च १९६२ मध्ये, हंगाम अर्धवट टाकून, इंग्लंडच्या फुटबॉल लीगचा राजीनामा दिला आणि लीगने त्यांचे त्या हंगामातले सगळे निकाल रद्द केले. तोपर्यंत ३३ सामने झाले होते: ५ विजय, ८ बरोबरी, २० पराभव. शेवटचा सामना २ मार्चला क्रू अलेक्झांड्राविरुद्ध, ०-४ ने हार. स्टॅनलीशी खेळलेल्या संघांचे त्या सामन्यांतले गुणही वजा झाले, म्हणून त्या वर्षीच्या तक्त्यात २४ ऐवजी २३ च संघ दिसतात. सर्वात वाईट वाटतं ते पुढचं: मदतीची आशा दिसल्यावर क्लबने राजीनामा मागे घ्यायची विनंती केली, पण लीगचे सचिव अॅलन हार्डेकर यांनी ती फेटाळली. रिकामी जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली.

मात्र आजचा अॅक्रिंग्टन स्टॅनली हा तोच क्लब नव्हे. तो १९६८ मध्ये नव्याने उभा राहिला आणि २००६ मध्ये लीगमध्ये पोचला. त्याच वर्षी ऑक्सफर्ड लीगबाहेर गेला.