आंतरजाल की अंतर्जाल? आणि ‘वायफाय गेलं’

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा नववीत. संगणकाच्या प्रकल्पात त्याने इंटरनेटसाठी ‘आंतरजाल’ लिहिलं, बाईंनी लाल शाईने त्याचं ‘अंतर्जाल’ केलं. ‘पोर्ट’साठी त्याने ‘बंदर’ लिहिलं होतं, त्यावर तर सरळ फुलीच. बरोबर कोण? आणि जाता जाता : ‘आमच्या घरी सगळे “वायफाय गेलं” म्हणतात, हे तरी बरोबर आहे का?’

ताई, आंतरजालाचे गुण परत मागा. पण बाईंवर रागावू नका, ही गफलत भल्याभल्यांची होते.

मराठीत ‘आंतर’ आणि ‘अंतर्’ ही दोन वेगळी ठेवायची रीत आहे. आंतरराष्ट्रीय, आंतरशालेय, आंतरजातीय : इथे राष्ट्रं, शाळा, जाती एकाहून जास्त आहेत आणि गोष्ट त्यांच्या मधली आहे. अंतर्गत, अंतर्मन, अंतर्वस्त्र : इथे सगळं आतलं. पोस्टाचं ते निळं अंतर्देशीय पत्र आठवतंय ना? देशातल्या देशात जायचं, म्हणून अंतर्देशीय. ‘आंतरदेशीय’ छापलं असतं तर लोकांनी ते दुबईला पाठवलं असतं.

आता इंटरनेट. जाळ्यांना जाळी जोडून झालेलं ते जाळं. १९७४च्या डिसेंबरात व्हिंट सर्फ, योगेन दलाल आणि कार्ल सनशाइन या तिघांनी टीसीपीचा, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी कसं बोलायचं या नियमावलीचा, पहिला सविस्तर मसुदा लिहिला, त्याच्या नावातच ‘इंटरनेट’ हा शब्द आहे. यातले दलाल पवईच्या आयआयटीत शिकलेले. तुमच्या ऐरोलीहून खाडी ओलांडली की पलीकडेच. त्या काळी तारांवर चालणारं आर्पानेट नावाचं जाळं होतं, रेडिओवर चालणारं जाळं निराळं, उपग्रहावरचं आणखी निराळं, आणि प्रत्येकाची रीत वेगळी. यांना एकमेकांशी बोलतं करायचं होतं. म्हणून ‘इंटर’, आणि म्हणूनच ‘आंतरजाल’.

मग ‘अंतर्जाल’ चुकीचा शब्द आहे का? मुळीच नाही, तो दुसऱ्या वस्तूचा शब्द आहे. महाप्याच्या एखाद्या ऑफिसात रजेचा अर्ज आणि पगाराची स्लिप जिथे मिळते, आणि जे घरून उघडायला गेलं तर उघडत नाही, ते इंट्रानेट म्हणजे अंतर्जाल. एक काना काढून रफार दिला की सगळं जग आक्रसून एका ऑफिसात मावतं.

कोणी व्याकरणवाला म्हणेल, संस्कृतात ‘अंतर्’चे ‘आत’ आणि ‘मध्ये’ असे दोन्ही अर्थ होतात, लॅटिनमधला ‘इंटर’ त्याचाच भाऊबंद आहे, आणि ‘आंतरिक’ या शब्दात ‘आं’ असूनही अर्थ आतलाच आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या. पण दोन वस्तू आहेत, दोन रूपं हाताशी आहेत, आणि छापील मराठीत ती वाटूनही घेतलेली आहेत. ती पुन्हा एकत्र कालवण्यात काय हशील? फक्त ‘अंतर’ म्हणजे लांबी, तिचा इथे संबंध नाही. ऐरोलीत राहून ऐरोलीतल्याच डेटा सेंटरमधली वेबसाइट बघितलीत, तरी तुमचं घरचं जाळं वेगळं, त्यांचं वेगळं. मधलं जाळं लागणारच.

‘वायफाय गेलं’कडे येतो, कारण मला खरी गंमत तिथे वाटते. व्याकरण चोख आहे. वीज जाते, पाणी जातं, तसं वायफाय जातं. प्रश्न आहे तो नक्की काय गेलं याचा.

मे महिन्यात आमच्या ठाण्यातल्या गल्लीत गटारासाठी खोदकाम चाललं होतं. रात्री नऊला घरातून हाक : ‘अहो, वायफाय गेलं!’ नेटवाल्या मुलाला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न : ‘काका, वायफाय गेलं की नेट गेलं?’ मी जरा चमकलो. दुसरा प्रश्न : ‘लॉस लाल मारतोय का?’ म्हटलं, बाबा, तोटा तर दिसतोच आहे, महिन्याचे पैसे भरून बसलोय. तो हसला. पांढऱ्या डब्यावर एक बारीक दिवा असतो, त्याखाली एल-ओ-एस ही तीन अक्षरं. म्हणजे बाहेरून येणारा सिग्नल पोचत नाही. ही मुलं त्याला ‘लॉस’ म्हणतात. दिवा लालभडक लुकलुकत होता, आणि फोनवर वायफायचा पंखा मात्र पूर्ण भरलेला. ‘मग वायफाय ओके आहे काका. फायबर तुटलाय.’

म्हणजे बघा, फोनपासून राउटरपर्यंतचा बिनतारी भाग ते वायफाय. ते घरातल्या घरात, ‘अंतर्’ जातीचं. राउटरपासून पुढे जगात जातं ते नेट, ते ‘आंतर’. शाळेच्या वहीत बाईंची जी गल्लत झाली तीच आमच्या घरात रात्री नऊला झाली होती. त्या मुलाने दोन प्रश्नांत सोडवली, आणि त्याला उपसर्गांशी काही देणंघेणं नव्हतं.

राउटरच्या या जागेला तांत्रिक भाषेत ‘गेटवे’ म्हणतात. मला त्यासाठी ‘वेस’ हा शब्द आवडतो. गावातल्या गावात हवं तसं फिरा, बाहेर पडायचं तर वेशीतून. त्या वेशीचा पत्ता बहुतेकदा १९२.१६८.१.१ असा असतो, तुमच्याकडेही, माझ्याकडेही. दर चाळीत खोली नंबर १ असते तसंच हे. हे आकडे घरातल्या किंवा ऑफिसातल्या खाजगी जाळ्यांसाठीच राखलेले आहेत, वेशीबाहेर ते चालत नाहीत.

‘नेट’ या शब्दाची एक फुकटची मजाही घ्या. आपल्याकडे तो आधीपासूनच होता, पण पुल्लिंगी : ‘सगळा नेट लावला’, ‘नेटाने अभ्यास कर’. नवा आला तो नपुंसकलिंगी : ‘नेट गेलं’. त्यामुळे ‘नेट लावला’ आणि ‘नेट लावलं’ यांत कोणी घाम गाळला आणि कोणी मोबाइल उघडला ते लगेच कळतं. मी रोजच्या बोलण्यात नेटच म्हणतो. ‘आंतरजाल’ लिहिताना बरा वाटतो, पण तो ओरडून सांगायचा शब्द नाही.

राहिलं ‘बंदर’. घोडबंदर रोडवर अडकलेल्या माणसाला बंदर म्हणजे काय ते समजावायला नको. तिथे गलबतं लागतात. नेटवर्कमधला पोर्ट म्हणजे एकाच संगणकाची क्रमांक घातलेली दारं, ० ते ६५५३५. सुरक्षित वेबसाइट ४४३ नंबरच्या दारावर ऐकत बसलेली असते, मेलची देवाणघेवाण २५ नंबरवर. प्रत्येक कामाचं दार ठरलेलं. मराठीच हवं तर ‘दार’ लिहावं, नाहीतर ‘पोर्ट’ राहू द्यावा. ‘बंदर’ खोडलं ते बाईंनी बरोबरच केलं. तिथले गुण मागू नका.