वाचकांचे प्रश्न : केंद्रकांचा चिकट गोळा का होतो?

प्रश्न : उणे ८० अंशांवर ठेवलेल्या ट्यूमरच्या तुकड्यातून सिंगल-सेल डीएनए सिक्वेन्सिंगसाठी (एकेका पेशीचा डीएनए वेगळा वाचण्यासाठी) पेशींची केंद्रके काढतो. सेंट्रिफ्यूजनंतर तळाशी तार सुटणारा गोळा बसतो, पिपेटने मोडत नाही. डीएनेझ घालावे का?

उत्तर : अजिबात नको. डीएनेझ मोकळा डीएनए तोडते, पण डिटर्जंटने सैल झालेल्या केंद्रकांत शिरून आतलाही तोडते. माणसाच्या एका द्विगुणित केंद्रकात जेमतेम ६.६ पिकोग्रॅम डीएनए, प्रत्येक भागाच्या फक्त दोन प्रती. त्यातले जे तुटले ते परत मिळत नाही.

तार म्हणजे फुटलेल्या केंद्रकांतून सांडलेला डीएनए. तेव्हा केंद्रके कुठे फुटतात ते शोधायचे. आधी बफर पाहा. चालणारे एक प्रमाण असे : सोडियम क्लोराइड १४६ मिलिमोलर, ट्रिस १० मिलिमोलर (पीएच ७.८), कॅल्शियम क्लोराइड १, मॅग्नेशियम क्लोराइड २१ मिलिमोलर, बीएसए (एक प्रथिन) ०.०५ टक्के, एनपी-४० (डिटर्जंट) ०.२ टक्के. मॅग्नेशियम क्रोमॅटिनला, म्हणजे प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएला, घट्ट धरून ठेवते. ते कमी पडले की केंद्रक फुगते आणि फुटते. धुण्याच्या बफरमध्ये ईडीटीए असेल तर तो हेच मॅग्नेशियम ओढून घेतो. ही चूक सहज नजरेतून सुटते.

तुकडा लहान घ्या, २० ते ५० मिलिग्रॅम. तो वितळू न देता बर्फावरच्या डिशमध्ये, थंड बफरमध्ये, दोन स्कॅल्पेलनी बारीक चिरा. होमोजनायझर (नळीत दांड्याने ऊती कुस्करण्याचे साधन) वापरत असाल तर आधी सैल दांडा, मग घट्ट, आणि फेस येऊ देऊ नका. लायसिसला, म्हणजे डिटर्जंटने पेशी फोडण्याला, ठरावीक मिनिटे नसतात. दर दोन-तीन मिनिटांनी थेंबभर ट्रायपॅन ब्लू या रंगात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. केंद्रके निळी, गोल, रेखीव कडेची दिसली की थांबा. कड विस्कटली किंवा फुगे आले तर उशीर झाला. भोवती पेशीद्रव्य चिकटलेले असेल तर अजून वेळ द्या. मग ४० मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळून ४ अंशांवर, ५०० जी, ५ मिनिटे. याहून जोरात फिरवले तर चांगली केंद्रकेही एकमेकांत दाबली जातात. गोळ्यावर १ टक्का बीएसएचे बफर घालून पाच मिनिटे तसेच राहू द्या, मग रुंद तोंडाच्या टिपने हळूहळू मोकळा करा. तार सुटलीच असेल तर ओढाताण न करता गाळा आणि खाली येईल तेवढेच वापरा.

आरएनेझ इनहिबिटरचा खर्च मात्र या कामात वाचतो. तो आरएनएसाठी असतो.

प्रश्न : डॅपीने (डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने) रंगवून सॉर्ट केले, म्हणजे यंत्राने एकेक केंद्रक वेगळे केले, तरी काही केंद्रकांचा कॉपी नंबर (डीएनएच्या भागाच्या प्रतींची संख्या) पूर्णांकांच्या अधेमधे येतो.

उत्तर : बहुधा प्लेटच्या एका वेलमध्ये (खळग्यात) दोन केंद्रके पडली आहेत, किंवा केंद्रक एस-फेजमध्ये, म्हणजे अर्धवट प्रती काढलेल्या अवस्थेत आहे. चिकटलेली दोन २एन (गुणसूत्रांचे दोन संच असलेली) केंद्रके डॅपीच्या एकूण तेजात ४एन (चार संच) सारखीच दिसतात. म्हणून सिग्नलचा एरिया (एकूण तेज) आणि विड्थ (रुंदी) एकमेकांसमोर मांडून जोड्या वगळा आणि जी-१ (प्रती काढण्याआधीच्या अवस्थेच्या) शिखरावर अरुंद गेट, म्हणजे निवडीची मर्यादा, ठेवा. त्याआधी सामान्य ऊतीची केंद्रके चालवून २एन कुठे पडते ते नक्की करा; नाहीतर ट्यूमरचे वेगळ्या प्लॉइडीचे (गुणसूत्र-संचांच्या संख्येचे) शिखरच जी-२ (प्रती काढून झालेली अवस्था) समजून टाकून द्याल. प्रत्येक प्लेटवर निदान एक वेल रिकामा ठेवा. त्यात डीएनए वाढला तर दोष केंद्रकांचा नाही, अभिकर्मकांत बाहेरचा डीएनए आला आहे.