प्रवास-शंका : हाउसबोट किती दिवस?

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत आई-वडिलांना घेऊन पाच दिवस केरळला जायचंय. मुन्नार आणि अलप्पुळा (अलेप्पी) कसं बसवावं? हाउसबोट दोन रात्री घ्यावी का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : एकच रात्र घ्या. बोट साधारण दुपारी बाराला सुटते आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला लागते, कारण पुढे मच्छीमारांची जाळी पडतात. सकाळी नऊला उतरायचं. म्हणजे प्रत्यक्ष फिरणं चार-पाच तासांचंच, पैसे मात्र पूर्ण दिवसाचे! एसी बहुधा फक्त रात्रीच चालतो. ठरवतानाच विचारून घ्या. स्वस्तात बॅकवॉटर (किनाऱ्यालगतचे कालवे-सरोवरं) पाहायचं तर अलप्पुळा-कोट्टायम सरकारी बोट उत्तम. अडीचेक तास लागतात.

परभणीहून सिकंदराबाद, तिथून शबरी एक्स्प्रेसनं कोचीजवळचं अलुवा. आधी मुन्नार करा, तिथं दोन रात्री. कोचीहून अंतर १३० किलोमीटरच, पण घाटामुळे चार-पाच तास जातात. वडीलधाऱ्यांना वळणं लागतात; मळमळीची गोळी निघण्याआधी अर्धा तास द्या, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. दिवाळीत तिकडे परतीचा पाऊस असतो, तोही बहुधा दुपारनंतर विजांसह. म्हणून चहामळे, इरविकुलम राष्ट्रीय उद्यान सकाळीच उरका. स्वेटर न्याच.