रिळांचा व्हिडिओ करून घेताना वेगाचं काय करायचं

वाड्याच्या माळ्यावर सापडलेली साधी ८ मिमीची मूक विनोदपटांची रिळं, आणि दुकानदाराने करून दिलेल्या व्हिडिओत सगळे पिसाळल्यासारखे धावतायत. तुमचं हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे.

रीळ पुसणं वगैरे सोडतो, तेवढं तुम्ही केलं असणारच. घात होतो वेगात. एका फुटात ८० फ्रेम (फितीवरची सुटी चित्रं), म्हणजे २०० फुटांच्या रिळात १६,०००. सेकंदाला १८ने चालवल्या तर जवळजवळ पंधरा मिनिटं, व्हिडिओच्या २५ने १० मिनिटं ४० सेकंद. तुमचा व्हिडिओ १०:४०च्या आसपास असेल तर वाचलात, फ्रेम सगळ्या सुट्या आहेत, नुसता वेग कमी करून भागेल. पण वेळ बरोबर आणि हलणारे हात मात्र दुहेरी, धुरकट असतील तर शेजारशेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळल्यात. त्या पुन्हा सुट्या होत नाहीत. आमच्या रिळांचं एका दुकानाने (नाव घेत नाही) नेमकं हेच केलं. वर मूळ स्कॅन मागितला तर म्हणे पुसून टाकला! बिल मात्र पुरतं घेतलं. तेव्हा कागदावर लिहून घ्या: फितीची एक फ्रेम म्हणजे फाइलची एकच फ्रेम, आणि मूळ फाइल आमच्या हातात.

वेग मग घरी ठरवा. मूकपट म्हणजे सेकंदाला १६ फ्रेम, हे काही वेदवाक्य नाही. कॅमेरा मुद्दाम हळू फिरवून धावपळ वाढवायची तेव्हा रीतच होती, त्यामुळे पाठलागावरून अंदाज बांधू नका. दिवाणखान्यातला शांत प्रसंग १८, २०, २२ला लावून बघा. मूकपटांच्या काळातला अमेरिकी विनोदी नट चार्ली चेस, त्याच्या 'मायटी लाइक अ मूस'मध्ये (१९२६) नवराबायको एकमेकांपासून लपवून आपापला चेहरा सुधारून घेतात आणि मग एकमेकांना ओळखतच नाहीत. गंमत आहे ती चेहरा पडायला लागणाऱ्या अर्ध्या सेकंदात. वेग चढवला की तोच उडतो. (माझ्या मते चेस चॅप्लिनपेक्षा जास्त पाहिला जायला हवा, पण ते भांडण नंतर.)

प्रोजेक्टरची घाई नको. १०० फ्रेमची लांबी नव्या फितीत ३८१ मिमी भरते; ३७८च्या खाली गेली असेल तर भोकं दात्यांवर बसत नाहीत, फाटतात. व्हिनेगरचा वास येणारं रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, हवाबंद डब्यात कोंडू नका. मी रसायनतज्ज्ञ नाही, पण ३५ मिमीचं जुनं काही निघालं तर दिव्यासमोर अजिबात धरू नका, फीत नायट्रेटची (जुन्या, ज्वालाग्राही प्रकारची) असेल तर भडकते. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आधी विचारा.